बोटीवर वर्षातून कितीदा

पहिल्या क्रूझवरून परतल्यावर बॅगा अजून हॉलमध्ये तोंड वासून पडल्या होत्या, तेवढ्यात मोजणीसाहेबांनी जाहीर करून टाकलं की यापुढे दरवर्षी जायचं.

काकू बॅगेतून ओलसर टॉवेल काढत होत्या. त्यांनी टॉवेल झटकला, बाल्कनीतल्या दोरीवर टाकला, त्याची दोन्ही टोकं सारखी केली आणि आत येऊन म्हणाल्या, "पाच वर्षांतून एकदा ठीक आहे."

इथेच विषय मिटला असता तर बरं झालं असतं. कुठल्याही साध्यासुध्या जोडप्याने चहा पिता पिता दोघांच्या मधलं काहीतरी ठरवलं असतं आणि कप विसळून ठेवले असते. पण साहेबांची सबंध नोकरी जमीन मोजणी खात्यात झालेली. दोन भावांमधला हातभर जमिनीचा वाद आधी अर्जावर यावा, त्याला क्रमांक पडावा, त्यात तारखा पडाव्यात, दोन्ही भावांचे केस पिकावेत आणि मग साहेबांनी टेप घेऊन जागेवर जावं, ही त्यांच्या दृष्टीने न्यायाची रीतसर चाल होती. भांडण जागच्या जागी मिटलं की आपल्याला कुणीतरी फसवलं, असं त्यांना वाटे. सोसायटीतले लोक त्यांना मोजणीसाहेब म्हणत, ते तोंडावर. पाठीमागे काय म्हणत ते इथे सांगण्याचं कारण नाही.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्याही टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. पण त्या निवृत्त झाल्या आहेत हे घरात कुणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं, कारण स्वयंपाकघरातली ड्यूटी चालूच होती.

साहेबांना क्रूझ एवढी का आवडली हे विचारलं, तर ते समुद्र, हवा आणि क्षितिज यांवर बोलत. पण त्यांना खरी भूल पाडली होती ती खुर्च्यांनी. ऑफिसात साहेब आत शिरले की खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज होई. हा आवाज त्यांनी इतकी वर्षं ऐकला होता की तो बंद झाल्यावर त्यांनी स्वतःचे कान तपासून घेतले. कान उत्तम होते. लोक उठत नव्हते, एवढंच. घरी ते हॉलमध्ये आले की रविवारी नातवंडांना घेऊन येणारा मुलगा सोफ्यावरचे पाय जरासे आखडून घेई, तेही लाथ लागून रिमोट पडू नये म्हणून. बोटीवर मात्र जेवणाच्या हॉलच्या दारात पांढरे हातमोजे घातलेला माणूस त्यांना बघून कमरेत वाकत होता आणि खुर्ची मागे ओढत होता. साहेब बसल्यावर तीच खुर्ची पुन्हा पुढे ढकलत होता, म्हणजे आवाज दोनदा.

आणि केबिनचा तो अटेंडंट. चाळिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. रोज टॉवेलची घडी घालून कधी हत्ती, कधी हंस, कधी माकड करून पलंगावर ठेवायचा. शेवटच्या दिवशी त्याचे डोळे भरून आले. "सर, तुम्ही मला वडिलांच्या ठिकाणी आहात," असं तो म्हणाला. साहेबांनी हे वाक्य घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं. मुलालाही सांगितलं. मुलगा "हं" म्हणाला.

तर कितीदा जायचं, यावर साहेबांनी बाहेरचं मत मागवायचं ठरवलं. सोसायटीच्या फाटकाजवळ एक बाक आहे. तिथे संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आणि सोसायटीचे सेक्रेटरी बसतात. डॉक्टरांनी प्रॅक्टिस सोडली होती, पण समोरच्याला न विचारता तपासायची सवय सुटली नव्हती. सेक्रेटरी पूर्वी विमा विकत, त्यामुळे माणूस दिसला की तो अजून किती टिकेल याचा अंदाज ते मनातल्या मनात बांधून ठेवत.

सेक्रेटरींचं म्हणणं असं पडलं की कितीदा जायचं हे नंतर बघू, आधी साहेबांकडे वर्षं किती शिल्लक आहेत ते काढू. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं, आधी डोळ्यांखाली, मग पोटाकडे, मग पायांच्या घोट्यांकडे. जिने चढताना दम लागतो का, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, मुळीच नाही, आणि नेमका त्यांना खोकला आला. डॉक्टरांनी एक आकडा पुटपुटला. त्यातली काही वर्षं सेक्रेटरींनी आजारपणासाठी वजा केली, काही मिसेसच्या गुडघ्यांसाठी वजा केली, एखादं किरकोळीत धरलं, आणि उरलेल्याकडे बघून म्हणाले, या हिशेबाने तुम्ही आत्ता बोटीवरच असायला हवं होतं.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी ठरवलेल्या माणसाची हद्द दोन शेजाऱ्यांनी बाकावर बसून, टेपही न लावता ठरवून टाकावी! पण निकाल आपल्या बाजूने लागला होता, म्हणून त्यांनी तो राग आवरून स्वीकारला. वर येऊन त्यांनी काकूंना सांगितलं की वैद्यकीय सल्लाही दरवर्षीचाच आहे.

"वजा केलेले गुडघे माझे होते का?" काकूंनी विचारलं.

बाकावरचं बोलणं स्वयंपाकघराच्या खिडकीत स्वच्छ ऐकू येतं, हे साहेब विसरले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब टूरवाल्याकडे गेले. जाताना नुसती चौकशी करायची असं ठरलं होतं. पण ते आत शिरल्याबरोबर टूरवाला खुर्ची मागे सारून उठून उभा राहिला, आणि साहेब तिथेच गार झाले. पुढचं सगळं उपचारापुरतं होतं. टूरवाल्याकडे सदस्यत्वाची एक योजना होती. एकदा घेतलं की पुढे कित्येक वर्षं दर वर्षी एक सफर, त्याच बोटीवर, तसल्याच केबिनमध्ये. फक्त जोडीने जायचं, कारण केबिन दोघांची. एखादं वर्ष चुकलं तर ते वर्ष गेलं, पुढे ढकलता येणार नाही. साहेबांना ही शेवटची अट तर फारच पसंत पडली. असल्या करड्या अटी घालणारी माणसं आता राहिली नाहीत, असं म्हणत त्यांनी सही केली. काकूंना विचारलं आहे का, असं टूरवाल्याने विचारलं नाही, आणि साहेबांनाही ते सुचलं नाही.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर ते म्हणाले, "अगं, ठरलं."

"काय ठरलं?"

"दरवर्षी."

"कोणी ठरवलं?"

"आता कागद झाला," साहेब म्हणाले.

त्यांच्या खात्यात या वाक्यापुढे कुणी बोलत नसे. काकूही बोलल्या नाहीत. याचा अर्थ साहेबांनी संमती असा घेतला. नोकरीतही त्यांनी कितीतरी गप्प बसलेल्या माणसांच्या जमिनी हाच अर्थ घेऊन मोजून दिल्या होत्या.

मग पासपोर्टचं निघालं. दोघांच्याही पासपोर्टची मुदत संपत आली होती. काकूंचा नवा पासपोर्ट चटकन आला. साहेबांची गाडी बोटांवर अडली. खिडकीतल्या बाईंनी यंत्रावर बोटं ठेवायला सांगितली, आणि यंत्राने ती घेतली नाहीत. पुसून ठेवा म्हणाल्या, दाबून ठेवा म्हणाल्या, एकेक ठेवा म्हणाल्या. शेवटी त्यांनी सांगितलं की तुमच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत. साहेबांनी त्यांना ऐकवलं की त्या रेषा मोजणीच्या टेपा आणि साखळ्या ओढण्यात झिजल्या आहेत, सरकारी कामात झिजल्या आहेत, तेव्हा सरकारनेच काय ते समजून घ्यावं. आपण कोणत्या पदावरून निवृत्त झालो हेही त्यांनी सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "बोटं मऊ करून उद्या या."

'उद्या या' हे शब्द साहेबांनी स्वतः आयुष्यात किती जणांना ऐकवले असतील याची गणती नाही. ते ऐकणाऱ्याला असे लागतात, याची त्यांना कल्पना नव्हती. घरी येऊन ते कोमट पाण्यात बोटं बुडवून बसले, मग बोटांना तेल चोपडून हात पुढे धरून बसले. या अवस्थेत त्यांना पेपर धरता येईना, म्हणून पानं काकूंनी उलटायची. बेल वाजली की दार काकूंनी उघडायचं, ते तसंही त्याच उघडत. फोन आला की तो साहेबांच्या कानाला काकूंनी लावून धरायचा, आणि साहेब मोकळ्या हातांनी हवेत बोटं नाचवत खिडकीतल्या बाईंची तक्रार धाकट्या भावाला सविस्तर सांगायचे. काकूंचा हात अवघडला तरी फोन चालूच. बऱ्याच खेपा झाल्यावर यंत्राला एकदाची दया आली. तेवढ्यात बाईंनी जुन्या पासपोर्टवरचा फोटो बघितला, साहेबांकडे बघितलं, आणि हे नक्की तुम्हीच ना, असं विचारलं. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या सफरीला निघताना साहेबांनी बॅगेत एक खास वस्तू घेतली. चामड्याच्या गोल डबीतली, पितळी मूठ असलेली त्यांची मोजणीची टेप. ही टेप त्यांनी नातवंडांनासुद्धा हाताळू दिली नव्हती. ती ते त्या अटेंडंटला देणार होते.

"त्याला काय मोजायचंय?" काकू म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं," साहेब म्हणाले.

बोटीवर पोचल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बसून घेतलं नाही. ते दारातच उभे राहिले. थोड्या वेळाने टॉवेलांची गाडी ढकलत तोच अटेंडंट आला. तेच हसरं तोंड. साहेबांचा ऊर भरून आला. अटेंडंट वाकला आणि म्हणाला, "वेलकम सर. बोटीवर पहिल्यांदाच?"

साहेब म्हणाले, अरे, मी. अटेंडंटचं हसू आणखी रुंद झालं. हो सर, तुम्ही, असं तो म्हणाला, पण त्याचे डोळे दारावरच्या नंबराकडे गेले होते, हे काकूंनी आतून पाहिलं. साहेबांनी पाहिलं नाही. त्यांनी टेप पुढे केली, ती कुठून आली, तिने कुठली कुठली प्रकरणं मिटवली, हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं. अटेंडंटने ती दोन्ही हातांनी घेतली, गाडीवर टॉवेलांच्या मध्ये ठेवली, आणि त्याचे डोळे भरून आले. "सर," तो म्हणाला, "तुम्ही मला वडिलांच्या ठिकाणी आहात."

साहेबांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकू गोल खिडकीतून पाण्याकडे बघत होत्या.

गाडी पुढे सरकली. समोरच्या केबिनचं दार उघडलं. तिथे एक टकले गृहस्थ होते, त्यांनी अटेंडंटच्या हातात एक खोकं ठेवलं. काय होतं कोण जाणे. आणि मग तेच वाक्य, त्याच दाटलेल्या आवाजात, बोटीच्या पॅसेजमधून साहेबांच्या कानावर आलं. त्यांचे कान उत्तम आहेत हे आधी सांगितलंच आहे.

पण खरी नाचक्की पुढे होती. दोनेक दिवसांनी साहेब चौकशीच्या काउंटरवरून जात असताना त्यांचं लक्ष बाजूच्या काचेच्या कपाटाकडे गेलं. त्यात कुणाचे चष्मे, कुणाची कवळी, एका पायाची चप्पल, लहान मुलाची टोपी असं सगळं मांडून ठेवलेलं होतं, आणि मधोमध त्यांची टेप. वर पाटी होती, 'सापडलेल्या वस्तू'.

काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की ती एका केबिनमध्ये कुणीतरी विसरलं होतं, अटेंडंटने इमानदारीने जमा केली. साहेब म्हणाले, ती माझी आहे. बाई म्हणाल्या, कशावरून? साहेब म्हणाले, मी ती त्याला दिली होती. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, दिली असेल तर ती तुमची कशी? साहेब म्हणाले, मग ती त्याची आहे, त्याला द्या. बाई म्हणाल्या, तो तर म्हणतो त्याची नाही. साहेब म्हणाले, पण ती हरवलेली नव्हतीच. बाई म्हणाल्या, मग ती इथे कशी आली?

साहेबांना या बिनतोड युक्तिवादात काहीतरी ओळखीचं वाटलं. अशीच उत्तरं त्यांनी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडून दिली होती. तेवढ्यात काकू त्यांना शोधत आल्या. त्यांनी एकदा कपाटाकडे आणि एकदा साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाल्या, "आमच्या मिस्टरांची आहे. ठेवतात आणि विसरतात. हल्ली त्यांना आठवत नाही."

बाईंनी लगेच कपाट उघडलं. टेप हातात देताना त्या साहेबांशी अगदी सावकाश, मोठ्याने आणि प्रेमाने बोलल्या.

डेकवर आल्यावर साहेबांनी टेपची डबी रुमालाने दोनदा पुसली. मग म्हणाले, त्या माणसाने मला ओळखलंसुद्धा नाही. काकू म्हणाल्या, त्याच्याकडे इतक्या केबिन असतात, तो कुणाकुणाला ओळखणार. मागच्या वेळीही तो समोरच्यांना तेच म्हणाला होता.

"तुला माहीत होतं?"

"ऐकलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला बरं वाटत होतं," काकू म्हणाल्या.

जेवणाच्या टेबलावरही काही खरं नव्हतं. टेबल आठ जणांचं. पहिल्या दिवशी सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या आणि साहेबांनी दोन भावांच्या सामाईक विहिरीचा खटला सुरुवातीपासून सांगायला घेतला. विहीर मोजून होईपर्यंत सूप गेलं, जेवण गेलं, गोड आलं. दुसऱ्या दिवशी एक जोडपं दुसऱ्या टेबलावर दिसलं. मग दुसरं जोडपं गेलं. मग ते टकले गृहस्थ, पाठीला वारा लागतो असं सांगून, पत्नीसह थेट एसीच्या खाली जाऊन बसले. सफरीच्या शेवटी त्या मोठ्या पांढऱ्या टेबलावर साहेब आणि काकू दोघेच असत. हातमोजेवाला मात्र रोज तेवढ्याच अदबीने खुर्ची ओढत होता. आणि विहीर अजून चालूच होती. ऐकायला काकू होत्या.

घरी परतल्यावर या वेळी बॅगा लगेच रिकाम्या झाल्या. काकूंनी त्या माळ्यावर टाकायला लावल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी येणार नाही."

साहेबांना वाटलं, गुडघे. त्यांनी उपाय सांगायला सुरुवात केली. काकूंनी हात वर केला. त्यांनी असा हात वर केलेला साहेबांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"गुडघ्यांचं काही नाही," काकू म्हणाल्या. "तिथे एकच खोली आहे. तुम्ही बोलता, मी ऐकते. घरी निदान भाजी आणायला जाता येतं."

साहेब म्हणाले, ठीक आहे, मी दुसरी सोबत बघतो. असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे बोटीवर यायला उत्सुक अशा माणसांची रांग उभी होती.

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, माझी दाढ काढायची आहे. साहेब म्हणाले, सफरीला अजून कितीतरी महिने आहेत. डॉक्टर म्हणाले, दाढ किचकट आहे. सेक्रेटरींना विचारायच्या आधीच त्यांनी पाण्याची टाकी धुवायची असल्याचं सांगितलं. मुलगा म्हणाला, बाबा, आयडिया मस्त आहे, आपण बघू या, आणि हे 'बघू या' तो फोन कानाला लावून खोलीबाहेर जाता जाता म्हणाला. राहता राहिला धाकटा भाऊ. त्याला साहेबांनी केबिनचं वर्णन केलं, जेवणाचं केलं, सगळं आपल्यातर्फे असंही सांगितलं. भावाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, लग्न होईपर्यंत मी तुझ्याबरोबर एका खोलीत काढलंय. आता नको रे."

एवढं झाल्यावर एखाद्याने नाद सोडला असता. पण वर्ष चुकलं की ते गेलं, ही अट आता साहेबांच्या उरावर बसली होती. ते टूरवाल्याकडे गेले. टूरवाला या वेळी उठला नाही, बसूनच या म्हणाला. तो एकट्या माणसांची जोडी जुळवून देत असे. त्याच्याकडे असेच एक निवृत्त गृहस्थ होते, सभ्य, निर्व्यसनी, सोबतीच्या शोधात. दोघांची भेट ऑफिसातच ठरली.

गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले होते. साहेबांना आनंद झाला, माणूस आपल्यातला वाटला. त्यांनी विहिरीच्या खटल्याला हात घातला. पहिला भाऊ अजून अर्जच देत होता, तेवढ्यात गृहस्थांनी एका लबाड वखारवाल्याच्या काट्याची हकिकत सुरू केली. साहेबांनी आवाज चढवला. गृहस्थांनीही चढवला. विहीर आणि काटा बराच वेळ समांतर चालले, कुणीच थांबेना. टूरवाला मधून मधून दोघांकडेही बघून मान हलवत होता. शेवटी साहेब पाणी प्यायला उठले, आणि परत येताना त्यांच्या कानावर पडलं. गृहस्थ टूरवाल्याला हळूच विचारत होते, "दुसरं कुणी नाही का? हे फार बोलतात."

साहेबही नेमकं हेच विचारायच्या तयारीत होते. दुसऱ्याने आधी विचारलं याचंच त्यांना जास्त लागलं.

सफरीची तारीख जवळ आली तेव्हा टूरवाल्याचा फोन आला. त्याने सुचवलं की साहेबांना सोबत मिळत नसेल तर जोडीतलं साहेबांचंच नाव या वर्षापुरतं बदलून टाकू. मॅडमना कुणी सोबत असली तर निदान वर्ष फुकट जाणार नाही. साहेबांना हसू आलं. फोन ठेवून त्यांनी हा विनोद काकूंना सांगितला.

काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"माझी मैत्रीण येईल," त्या म्हणाल्या.

ही मैत्रीण त्यांच्याच खात्यातली, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसलेली. तिला विचारल्याशिवाय ती येणार असं कसं सांगतेस, असं साहेबांनी विचारलं. काकू म्हणाल्या, तिला विचारायला कशाला हवं. आणि खरंच, काकूंनी फोन केला, दोन वाक्यं बोलल्या आणि ठेवला. साहेबांचा कुठलाही फोन इतक्यात संपला नव्हता.

बंदरावर पोचवायला साहेब स्वतः गेले. त्यांनी दोघींना कुठल्या डेकवर बसावं, कुठला दरवाजा जवळचा, टेबल कुठलं मागावं, हे सगळं सांगितलं. दोघी छान ऐकत होत्या. मग त्या आत गेल्या आणि काचेपलीकडून वळून हात हलवायच्या आधीच एकमेकींना काहीतरी दाखवत पुढे निघून गेल्या. परत आल्यावर बाकावर सेक्रेटरींनी विचारलं, तुम्ही नाही गेलात? साहेब म्हणाले, या वर्षी मी विश्रांती घेतोय. डॉक्टरांची दाढ जागेवरच होती.

आठवडा साहेबांनी एकट्याने काढला. सकाळी पेपर वाचता वाचता त्यांनी दोनदा स्वयंपाकघराकडे बघून, "अगं ऐकलंस का," असं म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. पेपर मात्र त्या दिवशी फार लवकर संपला. संध्याकाळी त्यांनी विहिरीचा खटला मनातल्या मनात पहिल्यापासून आठवून पाहिला. ऐकायला कुणी नसताना तो जेमतेम चहा गार होईपर्यंत पुरला. त्यांना आश्चर्य वाटलं. इतक्या छोट्या गोष्टीवर आपण लोकांचं एवढं जेवण कसं काय घालवत होतो, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

काकू परत आल्या त्या ताज्यातवान्या होऊन. चेहरा थोडा रापला होता. बॅग त्यांनी हॉलमध्ये ठेवली, हातपाय धुतले आणि घरात काय काय आणि किती दिवसांचं उरलेलं आहे, ते बघायला फ्रीज उघडला. साहेब मागे मागे गेले.

"कशी झाली?"

"छान झाली."

"दोघींनी केलं काय एवढे दिवस? काय बोललात?"

काकूंनी जरा आठवून पाहिलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "डेकवर दोन खुर्च्या टाकून बसायचो. ती तिच्या खुर्चीत, मी माझ्या. फारसं कुणी बोललंच नाही."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की साहेबांना तिकडे बघवेना. भांडण झालं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. दोघींनी मिळून त्यांची निंदा केली असती तरी चाललं असतं.

जेवायला बसल्यावर साहेबांनी ठरवलं की आज आपण बोलायचं नाही. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. पासपोर्टच्या खिडकीतल्या बाईंची बदली झाल्याची बातमी त्यांच्या ओठांपर्यंत आली होती, ती त्यांनी घासाबरोबर गिळली. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. शेजारच्या घरातली खुर्ची सरकलेली ऐकू आली. काकू जेवत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मान वर करून साहेबांकडे बारकाईने पाहिलं, डावा हात पुढे केला आणि त्यांच्या कपाळाला लावून बघितला.

"बरं वाटत नाहीये का? डॉक्टरांना बोलावू?"

"काही झालेलं नाही," साहेब म्हणाले.

"मग गप्प का?"

"उगीच."

काकूंनी हात काढून घेतला. त्या पुन्हा जेवू लागल्या. साहेबांनी ताटातली भाजी संपवली. मग ज्या स्वरात ते जन्मात कुणाशी बोलले नव्हते, त्या स्वरात म्हणाले, "मी विचारत होतो, पुढच्या वर्षी कसं करायचं?"

"सांगताय की विचारताय?"

"विचारतोय."

काकूंनी घास संपवला, पाण्याचा घोट घेतला. त्यांना फार विचार करावा लागला नाही. तो बहुधा डेकवर आधीच करून झाला होता.

"आम्ही दोघी जाणार," त्या म्हणाल्या. "तिचं म्हणणं आहे, वर्षातून एकदा कमी पडतं. दोनदा जायला हवं."

"दोनदा?"

"हो," काकू म्हणाल्या, आणि भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.